गल्लीत पाणी आणि वर नवा रस्ता

"गाडीतून उतरू नका मॅडम, लोक तापलेत," ड्रायव्हर म्हणाला.

पण उतरल्याशिवाय पाणी कुठं अडलंय ते कळणार नव्हतं. साडी खोचली आणि उतरले. पाणी गुडघ्याच्या वर होतं.

मी तेव्हा एका छोट्या नगरपालिकेत अभियंता होते. नुकतीच बदली होऊन आले होते. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या पट्ट्यातलं शहर. नाव मुद्दाम घेत नाही.

सगळ्यात पुढं रंजना उभी होती. तिची पिठाची गिरणी. गिऱ्हाइकांचं दळण भिजून लगदा झालं होतं.

"सकाळपासनं फोन करतोय," ती म्हणाली. "तुमचं ऑफिस म्हणतंय, पंप निघालाय. कुठनं निघालाय, दिल्लीवरनं? दर पावसाळ्यात नाला साफ केल्याचे फोटो काढता आन् पाणी आमच्या घरात. ह्याला जबाबदार कोण, तेवढं सांगा. मग जावा."

मी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "नैसर्गिक आपत्ती आहे असं सांगा आणि निघा तिथून."

माझ्या फोनचा आवाज मोठा होता. पुढच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ भिंतीचा आधार घेत जवळ आले. भानुदासतात्या. उभी हयात वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलेले.

"मॅडम, जरा आमच्या घरात येता का? भांडायला न्हाय बोलवत."

आत त्यांच्या बायकोला, सुभद्राकाकूंना, पलंगावर निजवलेलं होतं. अर्धांगवायू झालेला. पलंगाच्या पायांखाली विटा रचल्या होत्या. पाणी गादीच्या जरा खाली होतं.

"विटा संपल्या आता," तात्या म्हणाले. "दुपारी परत पाऊस हाय म्हणत्यात. हिला हलवू का नको, तेवढं खरं सांगा. उचलताना लई दुखतं हिला. उगा हलवायला नको वाटतं."

काकूंनी मान वळवली. शब्द नीट फुटत नव्हते. "त्यांना बसाया द्या की," त्या म्हणाल्या.

घरात बसण्यासारखं कोरडं काहीच नव्हतं. मी पलंगाच्या कडेला हात टेकून उभी राहिले. म्हटलं, "तात्या, रस्त्याखालची मोरी बघून येते. मग सांगते."

गल्लीच्या मागून ओढा वाहतो. पुढं त्याच्यावरून नवा काँक्रीटचा रस्ता गेलेला. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला पाईप टाकतात, त्याला आम्ही मोरी म्हणतो. इथले पाईप अगदीच लहान होते. त्यात उसाचं पाचट आणि प्लॅस्टिक बसलेलं. नरसाळ्याची नळी चोंदली की वर तेल साचतं, तसंच हे. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, ही गल्ली होती. पंप आणून काही होणार नव्हतं. रस्ता कापून पाण्याला वाट देणं, एवढंच हातात होतं.

परत फोन केला. "सर, रस्ता कापावा लागेल."

"अहो, त्याचं उद्घाटन व्हायचंय अजून. वरून लेखी परवानगी येऊ द्या."

"तोवर पाणी पलंगावर चढेल."

"कुणाच्या पलंगावर?"

मी काकूंचं नाव सांगितलं. त्या अंथरुणाला खिळल्यात, हेही सांगितलं.

"तुमचा फोन मला आलाच नाही," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ते नाही म्हणाले नव्हते, एवढं मला पुरलं.

गल्लीत येऊन मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "रंजनाताई, तुम्ही विचारलंत ना. मोरी लहान आहे. ती पालिकेनं बांधलीय. चूक पालिकेची आहे. जेसीबी मागवलाय, आता रस्ता फोडतेय." मग तात्यांना म्हणाले, "काकूंना हलवा. पाणी उतरेपर्यंत मी भरवसा देणार नाही."

रंजनानं माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचला. "चादरीची झोळी करा. डोकीकडनं मी धरते. माझ्या वरच्या खोलीत न्यायचं."

मघाशी माझ्यावर तापलेल्यांचेच हात चादरीला लागले. तात्या काकूंचा हात धरून बाजूनं चालत होते. "झालं, झालं, आलंच," असं म्हणत होते. जिन्यावर काकू एकदाच कण्हल्या. तेव्हा सगळे थांबले आणि काकूंनी मान हलवल्यावर पुढं निघाले.

रस्त्याखालची पाण्याची लाइन आणि केबल कुठून जाते ते आधी पाहून घेतलं. मग जेसीबीला खूण केली. काँक्रीट फुटलं, माती सुटली आणि पाणी धाडकन पुढं गेलं. दुपारी पाऊस आला. जोराचा आला. पण गल्लीतलं पाणी चढलं नाही. संध्याकाळी घरांच्या पायऱ्या दिसायला लागल्या.

रंजनानं मला चहा आणून दिला. "राग गेलेला न्हाय माझा," ती म्हणाली. "प्या."

पुढं मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर दिलं. लोकांनी पालिकेच्या दारात बसून मोठी मोरी करून घेतली. लहान पाईप कुणी मंजूर केले याची चौकशी मी निवृत्त झाले तेव्हाही चालूच होती.

त्यानंतर कुठंही मोरीचं काम आलं की मी आधी वरच्या अंगाच्या वस्तीत जायची. कोणत्या घरात कोण अंथरुणाला आहे ते विचारायची. नकाशात ते दाखवलेलं नसतं. पण माहीत असलं, की पाईप लहान टाकायला हात धजत नाही.