तिसऱ्या रांगेतली टेस्ट ड्राइव्ह

“लास्ट प्राइस बोला, इक्बालभाई,” निखिल सावंत म्हणाला आणि मी उघडलेलं बॉनेट धाडकन बंद केलं.

तो अजून गाडीत बसलाही नव्हता. शारजात जुन्या गाड्यांचं माझं यार्ड आहे. श्रीवर्धनहून हेल्परच्या व्हिसावर आलो होतो, आज स्वतःच्या नावाचं लायसन्स भिंतीवर आहे. इथवर आलो तो घासाघीस करूनच. पण न बघता भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो.

“आधी बसा तरी.”

“बसायचं काय? हिचंच नवीन मॉडेल आत्ताच दुबईत बघून आलो. फुल ऑप्शन. टर्बो इंजिन, मोठी स्क्रीन, वर पूर्ण काचेचं छप्पर. तुमचा हा जुना शेप. मग किती कमी करताय?”

त्याने शोरूमचं नाव घेतलं आणि माझं डोकं तापलं. त्या शोरूममध्ये मी अनेक वर्षं गाड्या विकल्या. फ्लोअर इन्चार्ज होणार होतो. एकदा एका मोठ्या कुटुंबाला मी खरं सांगून टाकलं, की त्यांनी निवडलेल्या छोट्या गाडीची शेवटची सीट बॅगांसाठी आहे, माणसांसाठी नाही. ते लोक उठून गेले. मॅनेजर भाटिया साहेब सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, “इक्बाल, तू गाड़ी बेच, भाषण मत बेच.” आणि मला जुलै महिन्यात स्टॉक यार्डवर पाठवलं, उन्हात उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या चेक करायला. इन्चार्जची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

पण त्या यार्डावर एक गोष्ट कळली. कुठली गाडी उन्हात किती तापते आणि किती वेळात निवते, हे शोरूमच्या एसीत बसून कुणालाच कळत नाही.

मी निखिलच्या कुटुंबाकडे पाहिलं. तो अबूधाबीच्याही पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर. बायको अश्विनी, दोन लहान मुलं, आणि कराडहून आलेले आईवडील. अजमानला अश्विनीच्या भावाकडे सगळे वीकेंडला आले होते.

“मागे कोण बसणार?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“शेवटच्या रांगेत.”

अश्विनीने उत्तर दिलं. “बाबांचा गुडघा वाकत नाही, ते पुढे. मधे मुलांच्या दोन सीट आणि त्यांच्यामधे मी. मागे आई.”

आईंनी मान हलवली. म्हणाल्या, “मी काही बसत नाही बाबा. गेल्या उन्हाळ्यात भाड्याच्या गाडीत मागे बसले आणि अबूधाबी यायच्या आधीच मला घेरी आली. तेव्हापासून घरातच आहे, इथेही रात्रीच्या बसने आले. या वेळी गाडी जमली नाही तर माझं तिकीट काढा. मी जाते आपली कराडला.”

“आई, असं काय बोलतेस?” निखिल म्हणाला.

“खरं तेच बोलतेय. चार भिंतींतच बसायचं तर माझ्या घरच्या काय वाईट आहेत?”

मग मी विचारलं, “नवी गाडी चालवून किती वाजता बघितली?”

“आत्ता, संध्याकाळच्या मगरिबच्या अजाननंतर. थंड होतं जरा.”

हीच ती चूक. इथे सगळेच ती करतात. ऊन उतरलं की कुटुंब आवरून निघतं, गाड्या बघतं, वरच्या काचेतून टॉवरचे दिवे बघून मुलं टाळ्या वाजवतात, आणि सही होते. गाडी घेतात संध्याकाळी, वापरतात दुपारी. शिवाय टेस्ट ड्राइव्हला नवरा स्टिअरिंगवर, बायको शेजारी. शेवटच्या सीटवर कुणी ढुंकून बघत नाही.

“उद्या दुपारी दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करू,” मी म्हटलं. “इथे, माझ्या यार्डात, उन्हात. मावशी दोन्हीत मागे बसतील. नवी बरी वाटली तर नवी घ्या. मी एक शब्द बोलणार नाही.”

“ते शोरूमवाले इथे गाडी आणतील?”

“माझं नाव सांगा. येतील.”

निखिलने तिथेच फोन लावला. माझं नाव सांगितलं. मग भाटिया साहेबांचाच आवाज स्पीकरवर आला, “इक्बाल? वो इक्बाल? मैं खुद आता हूँ.”

रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू? माझी गाडी आधीच्या मॉडेलची, सहा सिलिंडरची, वापरलेली. जुन्या गाडीचा एसी कधी दगा देईल सांगता येत नाही. सकाळी आधी इंडस्ट्रियल एरियात नेऊन गॅसचं प्रेशर बघून घेतलं. ठीक होतं. बाकी अल्लाच्या हवाली.

अकराच्या सुमारास सावंत मंडळी आली, मागोमाग भाटिया साहेब. कोट, टाय, गॉगल. अंगठ्या घातलेली बोटं पुढे करून हात मिळवला. “यार्ड अच्छा है. छोटा है, लेकिन अच्छा है.”

मी हसलो. दात दाखवले इतकंच.

ठरलं असं, की दुपारच्या जोहरच्या अजानपर्यंत दोन्ही गाड्या काचा बंद करून, इंजिन बंद करून उन्हात उभ्या राहतील. मी ऑफिसात पाणी प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर नव्या गाडीखाली सिमेंटवर पाण्याचं ओलं थारोळं. एसी चालू असला की गाडीखाली पाणी ठिबकतं, हे ज्याने एकदा तरी गाडी वापरली त्याला माहीत असतं. त्या उन्हात पाणी दुसरीकडून कुठून येणार?

मी ओरडलो. शेजारच्या तीन यार्डांतली माणसं बाहेर आली.

“भाटिया साहेब! गाडीला घाम आलाय का?”

“अरे, ड्रायव्हर ने दो मिनट के लिए…”

“दोन मिनिटांत तळं होत नाही! खलास. चावी इकडे द्या. आता अजानपर्यंत परत तापू दे.”

निखिलला हसू आवरेना. चावी माझ्या हातात आली आणि दोन्ही गाड्या पुन्हा तापत ठेवल्या.

अजान झाली. आधी नवी गाडी. सगळे आपापल्या जागी बसले, आई मागे. मी भाटिया साहेबांसाठी मागचं दार धरून उभा राहिलो. “या ना, साहेब. मावशींच्या शेजारी जागा आहे.”

“मैं? नहीं, नहीं, मैं पीछे दूसरी गाड़ी में…”

आईच म्हणाल्या, “अहो, बसा की! एवढी चांगली गाडी आहे म्हणता ना?”

आता नाही म्हणायची सोय नव्हती. कोटासकट साहेब तिसऱ्या रांगेत शिरले. गुडघे हनुवटीला. विकायची गाडी तशीच उन्हात ठेवून मी यार्डातल्या दुसऱ्या गाडीतून मागोमाग निघालो.

मोठा फेरा मारून परत आलो. पुढे गारेगार. निखिलच्या वडिलांनी मफलर मागितला असता. मुलगी ओरडत होती, “बाबा, इट हॅज वायरलेस चार्जिंग!” आणि मागून भाटिया साहेब बाहेर आले ते टाय सैल करूनच. शर्ट पाठीला चिकटलेला. आईंचा चेहरा लालबुंद.

कारण साधं आहे. जुन्या मॉडेलमध्ये मागच्या माणसाच्या डोक्यावर, छतातच एसीची भोकं होती, आणि त्यांचा पंखा वेगळा. नव्यात छत काचेचं केलं, मग भोकं ठेवायला जागाच उरली नाही. ती खाली कोपराशी गेली. हवा कमरेला लागते, ऊन डोक्यावर. काचेखाली सरकता पडदा आहे, तो आम्ही लावला होता. पातळ कापडच ते.

मग माझी गाडी. आई बसल्या, डोक्यावरचं भोक स्वतःच्या हाताने फिरवलं. निखिल त्यांच्या शेजारी, स्टिअरिंगवर मी, असे आम्ही निघालो. मी आरशात बघत होतो. इंडस्ट्रियल एरियाच्या सिग्नलला थांबलो. सिग्नलला इंजिन मंदावतं, एसीची खरी परीक्षा तिथेच.

“भाऊ,” आई मागून म्हणाल्या.

“बोला, मावशी.”

“हे जरा कमी कसं करायचं? गार वाटायला लागलंय.”

मी स्टिअरिंगवर हात आपटला. हॉर्न वाजला. पुढचा टॅक्सीवाला मागे वळून शिव्या द्यायला लागला. देऊ दे.

नव्या गाडीचं चांगलं तेही मी निखिलला सांगितलं. पेट्रोल कमी लागतं, बाजूने गाडी आली की इशारा मिळतो, आवाज कमी. चौघांचं घर असतं तर मी स्वतः तीच घे म्हटलं असतं.

भाटिया साहेब म्हणाले, “सर, दो साल फ्री सर्व्हिस देता हूँ.”

अश्विनी म्हणाली, “आमच्या आई परत चालल्यात, त्यांना सर्व्हिस देता?”

साहेब गाडीत बसले. पुढच्या सीटवर.

मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. दोन्ही गाड्यांत पस्तीस हजार दिरहमचा फरक, म्हणजे आपले आठ लाखांच्या वर, एवढं ऐकूनही तिचं समाधान नव्हतं. चार टायर नवे, मागे कॅमेरा, काचांना फिल्म. मी चिडलो, चावी टेबलावर फेकली, यार्डाबाहेर जाऊन आलो. परत आलो तर ती तिथेच, चहा पीत. दिलं सगळं. पण गाडीचा भाव एक दिरहम सोडला नाही.

आई दर पंधरा दिवसांनी रुवैसहून अजमानला येतात. त्यांच्या कॉलनीतली आणखी कुटुंबं माझ्याकडे आली, सगळी सासूला किंवा आईला घेऊन, सगळी भर दुपारी.

आणि भाटिया साहेबांच्या शोरूमच्या दाराशी आता एक सुंदर बोर्ड लागलाय: उन्हाळ्यात टेस्ट ड्राइव्ह फक्त संध्याकाळी पाचनंतर, ग्राहकांच्या सोयीसाठी. त्याचा फोटो मी प्रत्येक गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. जिथे दुपारी गाडी बघू देत नाहीत, तिथून दुपारी चालवायची गाडी घेऊ नये. बाकी मला काही बोलावं लागत नाही.