पडद्याखालचे पाय

आमचे भाऊजी चित्रकार आहेत, असं मी चारचौघांत सांगते तेव्हा लोकांना वाटतं, घरात भिंतीभर फुलं आणि सूर्यास्त टांगलेले असतील. कसलं काय. भाऊजी जुन्या विनोदी नाटकांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. कंजूष म्हातारे, भोंदू वैद्य, संशयी नवरे, चहाडखोर मोलकरणी आणि टेबलाखाली लपलेले प्रियकर, हे त्यांचं गणगोत. सगळी हयात याच मंडळींत गेली.

त्यांची एक खोड आहे. मनाने त्यांना एक बोटसुद्धा काढता येत नाही, समोर जिवंत माणूस लागतो. बाहेरचा माणूस बोलवायचा स्वभाव नाही, म्हणून सगळं नात्यागोत्यात भागवतात. मी त्यांची मेहुणी, म्हणजे हक्काची. मला कायम मोलकरीण केलं, हातात झाडू आणि कान दाराला. आमच्या ह्यांना भोंदू वैद्य केलं तर ते इतके खूश झाले, की तेव्हापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नाड्या बघत हिंडतात. कंजूष म्हातारा मात्र भाऊजी स्वतः, आरशात बघून. तिथे त्यांना फारशी मेहनत पडली नाही.

आणि ताई, माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, ती कायम लपलेली. त्या नाटकांत कुणी ना कुणी सारखं लपतच असतं. भाऊजींचं म्हणणं, ताईइतकं न हलता कुणाला उभंच राहता येत नाही. त्यामुळे चित्रांत तिचं काय दिसायचं, तर पडद्याखालून डोकावणारे दोन पाय, नाहीतर कपाटाच्या फटीतून एखादी टाच. प्रियकर लपला तरी पाय ताईचेच, पुरुषी बुटांत कोंबलेले. एवढी पुस्तकं निघाली, पण बाई घोट्याच्या वर काही गेली नाही.

यंदा प्रकाशकाने सगळ्या नाटकांचा मिळून एक जाडजूड ग्रंथ काढायला घेतला. शेवटचं चित्र तेवढं राहिलं होतं. बायको पडद्यामागून बाहेर येते आणि नवऱ्याचं सोंग उघडं पाडते, असा तो प्रसंग. इथे चेहराच हवा. ताईने मनाशी धरलं की आता आपली पाळी. तिने केस धुतले, ठेवणीतले कपडे घातले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. भाऊजी पेन्सिलीला टोक करता करता म्हणाले, "अगं, तू इथे कुठे? चेहऱ्यासाठी धाकटीला बोलावलंय. तू जरा पायांपुरती पडद्यामागे उभी राहा."

ताई उठली, बॅग भरली आणि थेट माझ्याकडे आली.

"तुला बोलावणं आलंय," ती दारातच म्हणाली. "जा, तोंड दाखवून ये. मी काही आता तिकडे परत जायची नाही." ताई रागावली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. इतका उतरलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी अर्थातच गेले नाही. दोन-तीन दिवसांनी भाऊजीच आले. दाढी वाढलेली, काखेत चित्राची फळी. दारात बूट काढले तर डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर. त्यांची चाहूल लागताच ताई आतल्या खोलीच्या पडद्यामागे पळाली होती. "मी इथे नाही म्हणून सांग," असं मला बजावून. मी तसं सांगितलं आणि बघते तर काय, पडद्याखाली तिचे दोन पाय. भाऊजींनीही पाहिले. ते पाय त्यांनी जगात कुठेही ओळखले असते. पण माणूस मुरलेला. गुमान समोरच्या खुर्चीत बसले आणि माझ्याशी बोलू लागले, नजर मात्र पडद्याखाली.

मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या बहिणीला चेहरा नाही का?"

"आहे ना," ते म्हणाले. "लग्न झालं त्या वर्षी काढला होता. जीव ओतून काढला होता. तिने पाहिला आणि म्हणाली, ही कोण बाई? त्यानंतर माझा धीरच झाला नाही. पाय बिचारे काही बोलत नाहीत."

मला हसू आवरेना. भल्याभल्यांची टर उडवणारा हा गडी, एका वाक्याला भिऊन जन्मभर बायकोच्या पायांशी बसलेला. पण ते हसत नव्हते.

"चित्राचं राहू दे," ते म्हणाले. "होणार नाही म्हणून प्रकाशकाला कळवून आलोय. मला घरात करमत नाही गं. तिला तेवढं सांग."

"मी असं म्हणाले होते?" पडद्यामागून आवाज आला.

भाऊजी काही बोलायच्या आत पडदा बाजूला झाला आणि ताई बाहेर आली. संतापाने लाल झालेली, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. "मला तर आठवतही नाही. आणि तेवढ्यासाठी मला इतकी वर्षं कपाटात कोंबलंत?"

भाऊजींनी झटकन फळी मांडीवर घेतली. "हलू नकोस," ते म्हणाले.

"हलणार," ताई म्हणाली, आणि खोलीभर फिरत, हातवारे करत, लग्नापासूनचं सगळं बाहेर काढत त्यांना फैलावर घेऊ लागली. भाऊजी मान खाली घालून शिव्या खात होते आणि मान वर करून चित्र काढत होते. मी चहा ठेवला, तो उतू गेला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

ग्रंथ छापून आला तेव्हा ताईने आधी शेवटचं चित्र उघडलं. भाऊजी श्वास रोखून माझ्याशेजारी उभे. चित्रात ताई, तोंड उघडं, एक हात हवेत, भांडण ऐन रंगात आलेलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"नाक मोठं झालंय," ती म्हणाली. "पण मीच आहे."

भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात ताईचं बोट खाली सरकलं. तिच्या पाठीमागे पडदा काढला होता आणि पडद्याखाली दोन पाय होते. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर.

"हा कोण?" ताईने विचारलं.

"मी," भाऊजी म्हणाले.

ताईने पुस्तक मिटलं. "मग या आता बाहेर," ती म्हणाली.