गरम झाली की बंद

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यांना सगळे ‘सावकाश’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. साठीला आलेला माणूस. बोल्ट पिळतानाही अंगात घाई नाही. माझी मुलगी नर्स आहे. तिची गाडी उड्डाणपुलावर चालता चालता बंद पडली, मागून ट्रक येत होता. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. गाडी सावकाशांकडे दिली.

त्यांनी स्कॅनर लावला. “कॅमशाफ्टचा सेन्सर दाखवतोय.”

“म्हणजे?”

“इंजिनात झडपा उघडणारा दांडा असतो, ताई. तो फिरताना कुठे आहे, हे सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. कळवलं नाही की इंजिन गोंधळतं.”

“माझ्यासारखं,” मी म्हटलं. ते हसले नाहीत.

नवा सेन्सर बसला. दोनच दिवसांनी मुलीचा फोन. “आई, आधी ओरडू नकोस.” मी ओरडलेच. गाडी पुन्हा पुलावरच बंद पडली होती.

गॅरेजात गेले तर सावकाश जुन्या सेन्सरवर हेअर ड्रायर धरून बसलेले. फिरत्या दांड्याऐवजी समोरून स्क्रूड्रायव्हर फिरवायचा, मीटर बघायचा.

“हा गरम झाल्यावरही चांगलाच आहे.”

“जुना चांगला, नवा चांगला, मग बंद कशी पडते?”

“तेच मला कळत नाहीये.”

चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस असं म्हणाला, तर धीर कुणाकडे मागायचा?

मग त्यांनी इंजिन तापू दिलं आणि सेन्सरची वायर बोटाने हलवली. इंजिन आचका देऊन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा हलवली, पुन्हा बंद. टॉर्च मारून ते बराच वेळ आत बघत राहिले. त्यांना लोंबती वायर खपत नाही. दिसली की काळ्या पट्टीने आवळतात. मागच्या सर्व्हिसिंगला ही वायरही आवळली होती, धुराच्या गरम पाइपाला खेटून. वरचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलं होतं.

“पट्टी माझीच आहे, ताई,” ते म्हणाले. “टापटिपीच्या नादात मीच घोळ घातला.”

रागवावं की आभार मानावेत? गप्प बसले असते तर मला कधी कळलंही नसतं.

वायर बदलली, पाइपापासून लांब नेली. मला शेजारी बसवून त्यांनी पुलावरून चार फेऱ्या मारल्या. गाडी बंद पडली नाही.

“उद्या नेऊ देऊ का तिला?”

“मागच्या वेळीही मी खात्री दिली होती. आता आठवडाभर सकाळी मी स्कूटरवर तिच्या मागे येतो, पूल संपेपर्यंत.”

घरी येऊन गाडीची किल्ली मुलीच्या पर्समध्ये ठेवली. मग काढली. मग पुन्हा ठेवली.