सर्जाचा सौदा

किमतीचा आकडा एकदाही तोंडानं न उच्चारता जन्म काढलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. माझे मावसोबा धर्माबादचे, बैलबाजारातले जुने दलाल. तिथं भाव बोलत नाहीत. खांद्यावरच्या टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरून बोटं दाबतात, म्हणजे बघ्यांना काही कळत नाही. बाजार सुटला तरी मावसोबांची ही खोड सुटली नाही. दाढीचे पैसे विचारायचे तरी न्हाव्याचा हात टॉवेलाखाली ओढणार. एकदा एसटीच्या कंडक्टरनं ‘हात सोडा, तिकिटाचा भाव सरकार ठरवतंय’ असं भर गाडीत सुनावलं होतं. शिवाय पहिल्या बोलीला हो म्हणणं त्यांच्या लेखी पापच. बोली ऐकून ते बैलाकडं असं बघत, की बैलच ओशाळावा.

अशा माणसाच्या घरी गिनीपिग आला. माझी मावसबहीण लग्न होऊन हैदराबादला गेली आणि तिचा हा लाडका जीव मागं राहिला. ओंजळीत मावणारा, पण मावसोबांनी नाव ठेवलं सर्जा. आल्यागेल्याला ते त्याचे दात दाखवून ‘जातिवंत हाय’ असं सांगत. पोळ्याला त्याच्यासाठी झूल शिवली, आदल्या दिवशी तूप-हळदीनं खांदेसुद्धा मळले. शिंगं नाहीत म्हणून कानांना बेगड लावायला निघाले, तेव्हा मात्र मावशीनं हात धरला.

चार वर्षांपूर्वी सर्जाला मुतखडा झाला. लघवी करताना कळवळून ओरडायचा, पुढं खाणंही सोडलं. मावसोबा टोपली छातीशी धरून रेल्वेनं नांदेडला माझ्याकडं आले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, एवढ्याशा जिवाला भूल सोसेलच असं नाही, आणि खर्चही बराच आहे. मला नको तिथं अक्कल पाजळायची सवय. जेवढ्याला हे पडेल तेवढ्यात असे दहा येतील, असं मी हळूच म्हणालो.

मावसोबा टोपलीकडं बघत राहिले. म्हणाले, “बैल थकला की विक, नवा घे, असं लई लोकायला सांगितलं म्या. रडणाऱ्यायलाबी सांगितलं. त्यायला काय झालं असंल, ते आज कळून राहिलं.”

मग त्यांनी टॉवेल पुढं केला. मी शरमेनं खिडकीकडं बघू लागलो. पण डॉक्टर हिमायतनगरकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांनी मुकाट्यानं हात टॉवेलाखाली सरकवला. बोटं दाबली गेली, उलटून दाबली गेली, आणि डॉक्टरांच्या भुवया वर चढल्या.

“काका, उलटं होतंय. मी सांगितलं त्याच्यापेक्षा तुम्ही वाढवून राहिलात.”

“हाव,” मावसोबा म्हणाले. “हात तेवढा हलू देऊ नका.”

हात हलला नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा निघाला आणि दुसऱ्या दिवशी सर्जानं कोथिंबिरीची काडी कुरतडली. खडा बाटलीत घालून मावसोबांनी परतीच्या गाडीत अख्ख्या डब्याला दाखवला. धर्माबादला स्टेशनपासून रिक्षा वाजतगाजत नेली. एवढ्याशा जिवापायी केवढी धावपळ, म्हणून आठवडाभर कुरकुरणारी मावशी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी, आणि सर्जाच्या कपाळी एवढं कुंकू, की डोळे तेवढे दिसत होते. एवढ्या थाटात तर मावसोबांची स्वतःची वरातही निघाली नव्हती, असं मावशीच म्हणाली.

त्यानंतर सर्जानं तीन पोळे पाहिले, आणि म्हातारा होऊन, काही न दुखता गेला. यंदाच्या पोळ्याला मी गेलो, तेव्हा भिंतीतल्या देवळीत ती बाटली होती आणि शेजारी घडी केलेली झूल. इतक्या वर्षांनी मी विचारलं, “मावसोबा, त्या दिवशी शेवटी सौदा केवढ्याला झाला?”

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझा हात त्याखाली घेतला. मी बोटं मोजायला सावध झालो. पण त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून बसले, आणि मीही तो सोडवून घेतला नाही.