खिडकीवरचं गोणपाट
गोणपाट उन्हात तापलं की त्याला एक कोरडा, धुळकट वास येतो, आणि मला बारामतीच्या दवाखान्यातला आयसीयूचा दरवाजा आठवतो. आत आमचे हे न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होते आणि बाहेर मी, काटेवाडीची सर्वज्ञ, डॉक्टरांना शिकवायला उभी. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, यांचं व्हिटॅमिन डी फार कमी आहे. उन्हातून मिळतं ते. इतक्या आजारी माणसांत बऱ्याचदा कमी सापडतं. नाकातल्या नळीतून देतोय." मी पदर खोचला. "ताई, रिपोर्ट दुसऱ्याचा आला असंल. उसातला मानूस हाय. ऊन काय त्याला दुकानातनं आणावं लागतंय व्हय?" त्या हसल्या नाहीत. "उसाला पाणी कधी देतात?" "रातचंच की. मोटारीची लाईट रातचीच येती." "आणि दिवसा?" "दिवसा झोपत्यात. उजेड नको म्हणून मीच खिडकीला गोणपाट..." खोचलेला पदर मी सोडला. मग हळूच विचारलं, "ह्या औषधानं उठतील न्हवं?" "एवढ्यानंच उठतील असं नाही सांगत, काकू. पण कमी आहे ते भरून काढू." घरी जाऊन मी आधी ती खिडकी मोकळी केली, जणू तिथनं ऊन थेट दवाखान्यात पोचणार होतं. ते उठले, कशाकशानं, ते डॉक्टरांना ठाऊक. आता तेच गोणपाट मी सकाळी अंगणात अंथरते आणि ह्यांना त्यावर बसवते. "मी काय पापड हाय व्हय?" म्हणून कुरकुरतात. मी म्हणते, "व्हय. अजून वाळायचाय. बसा."