रूपरावांची शांत खोली

वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौकात चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवण्यात रूपरावांचा जन्म गेला. हॉटेलच्या मागं खोली, खोलीत बायको सीताबाई आणि समोर हायवे. ट्रकचे हॉर्न रात्रंदिवस. गेल्या वर्षापासून सीताबाईंची झोप उडाली, बीपी चढलं, चेहरा सुकला. यांना शांत झोप मिळाली नाही तर एक दिवस महागात पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. रूपराव घाबरले. हॉटेल पुतण्याच्या गळ्यात घालून ते वर्ध्यात खोली शोधायला लागले.

शोधून शोधून बिचारे मेटाकुटीला आले. नालवाडीत मिळाली ती मंगल कार्यालयाला खेटून, बोरगाव मेघेत शेजारी वेल्डिंगवाला. शेवटी जुन्या बाजारपेठेत, गोपालभाऊंच्या कापडदुकानावर एक खोली दिसली. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब, गाड्यांना बंदी. आत चिटपाखरू नाही. रूपराव तिथल्या पायरीवरच बसून राहिले. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. टेम्पो आत फक्त याच वारी येऊ देतात असं कळलं, म्हणून सामानही पुढच्या आठवड्यात त्याच वारी आणलं. तेव्हाही गल्ली चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी धडाधड शटर वर गेली. हातगाड्या खडखडल्या, भांडेवाल्याकडे ठोकाठोक सुरू झाली, साड्यांच्या सेलचा भोंगा कोकलू लागला. रूपराव धावत खाली गेले.

"गोपालभाऊ, काल तं येथं सारं शांत होतं!"

"काल बजार बंद राह्यते ना, काकाजी. हप्त्यातून एक दिवस."

"बंद? काऊन? कोणी मेलं होतं का?"

गोपालभाऊ पोट धरून हसले. पण यात हसण्यासारखं काय होतं? हायवेवरचं हॉटेल बंद ठेवायचं नसतं. दुकानालाही सुट्टी असते, हे या माणसाला कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

जिना चढताना त्यांना पुढचं सगळं दिसू लागलं. पुन्हा शोधायचं, पुन्हा सामान बांधायचं.

"चुकलो वो मी," ते दारातूनच म्हणाले. "जाऊ आपण दुसरीकडे."

सीताबाई आडव्या झाल्या होत्या. डोळे जड झालेले.

"कायले? आताच तं डोळा लागला होता."

"एवढ्या कल्ल्यात?"

"हॉर्नानं नोती जात माही झोप. हॉर्न वाजला का तुमी उठून जात होते गिऱ्हाईकापाशी. अंधारात तुमच्या पायाचा आवाज आयकत पडून राहत होती मी. आज पडते का काय हा माणूस, असं वाटे. येथं कोणीबी कोकलो, तुमाले उठा लागत नाई."

रूपरावांना एकदम रडूच आलं. डॉक्टरांना विचारलं, दलालांना विचारलं. हिला विचारायचं सुचलं नव्हतं. डोळे पुसून ते तिच्या शेजारी आडवे झाले.

खाली कोणीतरी जोरात हाक मारली, "भाऊ, ओ भाऊ!" रूपराव सवयीनं अर्धे उठलेसुद्धा. सीताबाईंनी डोळे न उघडताच त्यांचा हात धरला आणि त्यांना परत खाली ओढलं.