क्लचच्या डावीकडची जागा

केळव्याच्या किनाऱ्यावर कुणाची गाडी रेतीत रुतली, की नारळपाणीवाल्यापासून घोडागाडीवाल्यापर्यंत सगळे एकच सांगायचे, बळवंतभाऊंना फोन लावा. मग थोड्या वेळात सुरूच्या बनातून एक जुनी हिरवी फोर-बाय-फोर जीप डुलत बाहेर यायची. बळवंतभाऊ राऊत खाली उतरायचे, रुतलेल्या गाडीभोवती एक फेरी मारायचे, समुद्राकडे एकदा बघून घ्यायचे आणि मग दोर बांधायचे. घाई करताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. बासष्ट वर्षांचा माणूस, घरची पोफळीची वाडी, पानवेली. गाड्या ओढणं हा काही त्यांचा धंदा नव्हता. पण पंचवीस वर्षांत त्यांच्या दोराला बांधलेली एकही गाडी समुद्रानं नेली नव्हती, आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता.

गेल्या मे महिन्यात तो अभिमान गेला.

मुंबईहून आलेली एक पांढरी गाडी ओल्या रेतीत पार चाकाच्या कण्यापर्यंत बसली होती. भरती लागलेली. बळवंतभाऊंनी दोर बांधला, लो गिअर टाकला, क्लच सोडला. जीप दोन हात पुढे सरकली आणि जागच्या जागी घरघरायला लागली. इंजिन ओरडतंय, चाक फिरत नाही. जळक्या क्लचप्लेटचा तो वास सगळ्या किनाऱ्याला आला. माणसं आधीच उतरली होती, त्यामुळे कुणाला काही झालं नाही, पण गाडीच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढताना सगळ्यांनी पाहिलं. बळवंतभाऊ गुडघाभर पाण्यात हातात दोर धरून उभे होते.

वर्षभरात क्लचप्लेट जळायची ही तिसरी वेळ. पालघरचा दादू मिस्त्री म्हणाला, "भाऊ, रेतीचं काम हाय. जुनी गाडी. किती वेळा घालणार?" घरी येऊन बळवंतभाऊ जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "जीप विकून टाकू. आता माझ्यानं होणार नाय."

बायको, मंगलाताई, भाताचं भांडं उचलून आत गेल्या. मुलगा हर्षित पालघरच्या सरकारी कचेरीत नोकरीला. त्याला वाटलं, बरंच झालं, या वयात कशाला ती दगदग. सून मेघाली ताटं उचलता उचलता थांबली. तिनं विचारलं, "बाबा, विकायच्या आधी मला एकदा शेजारी बसवून फिरवाल?"

मेघाली तारापूरकडची. वडील बोईसरला एका कारखान्यात फिटर होते. तिनं आयटीआयला शीट मेटलचा, म्हणजे पत्राकामाचा, कोर्स केला तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती. बोईसरच्या ज्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ती लागली, तिथं पहिलं वर्षभर तिला पॅकिंगला बसवलं. तिनं तीनदा अर्ज केला, चौथ्यांदा फोरमनसमोर उभं राहून एक पत्रा मापात वाकवून दाखवला, आणि मशीनवर गेली. आता मशीनवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवायची झाली की पुरुष कामगारही येऊन विचारत, "मॅडम, एक बार देख लो ना." हे सगळं बळवंतभाऊंना लग्न ठरताना सांगितलं होतं, पण त्यांच्या लेखी सून कारखान्यात पत्रे कापते, एवढंच होतं. चार वर्षांत त्यांनी तिला कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

दादूनं नवी प्लेट घातल्यावर, सुट्टीच्या दिवशी ती जीपमध्ये बसली. बळवंतभाऊंना वाटलं, समुद्र बघेल, चार फोटो काढेल. ती सगळा वेळ खाली बघत होती. परत दारात आल्यावर म्हणाली, "बाबा, राग मानू नका. तुमचा डावा पाय क्लचवर असतो."

"क्लच दाबायला पाय क्लचवर नको तर कुठं?"

"दाबून झाल्यावरपण असतो. पेडलवरच टेकलेला. थोडा जरी भार पडला तरी प्लेट घासते. रेतीत तर लगेच जळते."

"पस्तीस वर्षं गाडी चालवतोय मी," बळवंतभाऊ म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

मेघालीनं वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात तिनं स्कूटरच्या ब्रेक-लाइटचं एक जुनं बटण आणलं, क्लचच्या पेडलखाली बसवलं, आणि त्याची वायर काढून स्टेअरिंगजवळ एक छोटासा लाल दिवा लावला. पेडल जरासं दबलं की दिवा लागणार, सुटलं की विझणार. सासऱ्यांना म्हणाली, "मी येत नाय. तुमी एकटेच जाऊन या."

ते गेले. गिअर बदलताना दिवा लागणार हे त्यांना कळत होतं. पण गिअर पडला, गाडी सुरळीत चालू लागली तरी दिवा तसाच. त्यांनी पाय उचलला, दिवा विझला. देवळापर्यंत गेले, पुन्हा लाल. पाय आपण कधी खाली ठेवला हे त्यांना समजलंसुद्धा नव्हतं. बनाच्या कडेला त्यांनी जीप उभी केली आणि बराच वेळ त्या दिव्याकडे बघत बसले. ती पांढरी गाडी समुद्रानं नेली नव्हती, ती आपल्या पायानं बुडवली होती. या विचारानं त्यांना जेवढं वाईट वाटलं, तेवढंच एक बरंही वाटलं: म्हणजे हात अजून शाबूत आहेत, रेतीची पारख अजून शाबूत आहे.

घरी येऊन ते मेघालीला म्हणाले, "लागतो दिवा."

"तुमची चूक नाय," ती म्हणाली. "पाय ठेवायला तिथं जागाच नाय. उजव्या पायाला काम असतं. डाव्यानं जायचं कुठं?"

जागा खरंच नव्हती. क्लचच्या डावीकडे गिअरबॉक्सचा उंचवटा, मध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढी फट, पण टेकायला काही नाही. तरुणपणी ते पाय मागे, सीटखाली ओढून घ्यायचे. अलीकडे गुडघा तसा दुमडून ठेवला की कळ यायची, म्हणून पाय आपोआप पुढे सरकत गेला आणि पेडलवर जाऊन बसला.

बोईसरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गाड्यांचे तयार फुटरेस्ट मिळत. मेघालीनं एक आणून बसवला. उभट, चकचकीत, छान दिसायचा. बळवंतभाऊ म्हणाले, "बरा हाय." आठवडाभरानं दोर शोधताना तोच फुटरेस्ट तिला सीटखाली सापडला, गोणपाटात नीट गुंडाळलेला. तो घेऊन ती ओटीवर आली, जिथं बळवंतभाऊ सुपाऱ्या सोलत होते.

"टोचतो का?"

"नाय. बरा हाय."

"मग गुंडाळून का ठेवलात?"

बळवंतभाऊंनी कोयती बाजूला ठेवली. थोडा वेळ त्यांनी ओटीवरची टरफलं गोळा केली. मग सांगितलं. तिशीत असताना ते पोफळीवरून पडले होते. शेंड्याशेंड्यांनी एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पकड सुटली. डावा घोटा मोडला. तीन महिन्यांनी चालायला लागले आणि सगळ्यांना सांगितलं, पाय बरा झाला. पण घोटा पुरता वाकत नाही तो नाहीच. त्या उभट फुटरेस्टवर ठेवताना पाऊल वर उचलून धरलं की चमक थेट पोटरीत जाते. "घरात कुणाला माहीत नाय," ते हळूच म्हणाले. "मला झाडावर चढू देणार नाय म्हणून बोललो नव्हतो. मग राहूनच गेलं."

आतून मंगलाताईंचा आवाज आला. "मला माहीत हाय. बत्तीस वर्षं बघतेय, जिना उतरताना कुठला पाय आधी टाकता ते."

मेघाली हसली नाही. तिनं त्यांच्यासमोर बसून विचारलं, "पाऊल कितपत उचललं तर दुखत नाय?" त्यांना सांगता येईना. थोडं, थोडंसंच, असं म्हणत ते हातानं दाखवत राहिले, आणि प्रत्येक वेळी हात वेगळा. तेव्हा तिला एक सुचलं.

ओहोटीच्या वेळी तिनं जीपच्या ड्रायव्हरची सीट चार बोल्ट काढून खाली उतरवली. जीपमध्ये मोजून घेतलेल्या उंचीच्या विटांवर ती ओल्या रेतीत मांडली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बसा." किनाऱ्यावरची माणसं बघायला लागली. एक पोरगी समुद्राकडे तोंड करून सासऱ्याला जीपच्या सीटवर बसवते आहे आणि त्यांच्या पायापुढे रेतीचा ढीग करते आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बळवंतभाऊंना आधी लाज वाटली. मग ती इतक्या गंभीरपणे रेती थापत होती की लाज वाटायची राहून गेली.

"ठेवा पाय. आता?"

"टाचेला बरं हाय. वर ओढतंय."

तिनं चवड्याखालची रेती तळहातानं थोडी काढली. "आता?"

"अजून जरा."

असं सात-आठ वेळा झालं. शेवटी बळवंतभाऊंनी पाऊल ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. मेघालीनं वर बघितलं. त्यांचे खांदे सैल झाले होते. तिनं सोबत आणलेला एक पुठ्ठा रेतीच्या बाजूला उभा खुपसला आणि उताराची रेघ पेन्सिलनं आखून घेतली.

बाकी काम तिनं दोन रविवारांत केलं. फोरमनला विचारून भंगारातले स्टेनलेस स्टीलच्या जाड पत्र्याचे तुकडे आणले, कारण खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकलं नसतं. हर्षित म्हणाला, वेल्डिंग करून टाक, झटपट होईल. तिनं जीपखाली झोपून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरनं ठोकून पाहिला. गंजानं पापुद्र्यासारखा झाला होता. "याला वेल्डिंग केलं तर भोक पडेल," ती म्हणाली. मग तिनं फ्लोअरच्या खालून एक रुंद पट्टी लावली, वरून फुटरेस्ट, आणि दोन्हींमध्ये पत्रा धरून बोल्ट आवळले. वर जुन्या कन्व्हेअर बेल्टचं खरबरीत रबर, ओला पाय घसरू नये म्हणून.

बळवंतभाऊ स्टूल घेऊन शेजारी बसले होते. पाना हवा असला की ती हात पुढे करायची आणि ते बरोबर नंबराचा पाना द्यायचे. तिचा हात बघता बघता त्यांना पहिल्यांदा वाटलं, ही नुसते पत्रे कापत नाही. आपण पोफळीचा घड बघून सुपारी कधी उतरवायची ते ठरवतो, तसं हिला पत्र्यातलं कळतं.

सगळं झाल्यावर तिनं त्यांना भिजलेल्या चपला घालून बसवलं आणि क्लच दाबायला लावला. दाबा, सोडा, पाय बाजूला. पुन्हा. चाळीसेक वेळा झाल्यावर एकदा चपलेची कड फुटरेस्टला किंचित लागली.

"चालेल ग, एवढं काय," बळवंतभाऊ म्हणाले.

"नाय चालणार, बाबा. रेतीत नेमक्या वेळी अडकली तर?"

सगळं खोलून तिनं फुटरेस्ट बोटभर डावीकडे सरकवला. नवी भोकं पाडली, जुनी बुजवली. दुपारचं जेवण चार वाजता झालं. लाल दिवा मात्र तिनं काढला नाही. काही दिवसांनी बळवंतभाऊंनी स्वतःच दादूला सांगितलं की त्या दिव्याची वायर नीट बांधून दे, लोंबते.

दिवाळीच्या सुट्टीत सात सीटांची एक जडशी गाडी रुतली, आत सामान, वर सामान, आणि भरती लागायला अर्धा तास. टपरीवाले पुढे होऊन बघायला आले. मे महिना कुणी विसरलं नव्हतं. बळवंतभाऊंनी नेहमीसारखी फेरी मारली, चाकांपुढची रेती उपसायला लावली, दोर बांधला. लो गिअर, क्लच हळूच सुटला, आणि डावा पाय बाजूला जाऊन टेकला. दिवा विझला. जीप कुरकुरली, थरथरली आणि मुंगीच्या पावलांनी चालू लागली. पाठीमागची गाडी आधी हलली, मग उठली, मग कोरड्या रेतीवर आली. जळकट वास आला नाही.

गाडीवाला हात जोडून आभार मानू लागला. बळवंतभाऊंनी त्याला जीपचं दार उघडून आत बघायला सांगितलं. "ते बघा," ते म्हणाले. "आमच्या सुनेनं केलंय. बोईसरला प्रेस शॉपमध्ये हाय ती." मग ज्यानं विचारलं नव्हतं त्यालाही सांगितलं. बोईसरला शाळेची व्हॅन चालवणारा धीरज ते ऐकून दुसऱ्याच दिवशी घरी आला. दिवसभर पाय लोंबकळून त्याच्या मांडीला मुंग्या यायच्या. त्याला बळवंतभाऊंनीच अंगणात बसवलं आणि विचारलं, "घोटा दुखतो की गुडघा? खरं सांग. खोटं सांगितलंस तर तिची मेहनत फुकट जाईल."

नाताळच्या आदल्या रविवारी मेघाली चहाचा कप घेऊन वाडीत आली. बळवंतभाऊ पानवेलींना पाणी सोडत होते. ती म्हणाली, "बाबा, मला रेतीत गाडी ओढायला शिकवाल?"

त्यांनी मोटर बंद केली. "आजच चल. साडेदहापर्यंत ओहोटी हाय."

किनाऱ्यावर ती स्टेअरिंगवर बसली, सीट पुढे ओढली. बळवंतभाऊ बाहेर रेतीत उभे राहिले आणि हातानं खुणा करू लागले. क्लच हळू. अजून हळू. इंजिन दोनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा जीप निघाली, आणि ते तिच्या बाजूनं, डाव्या पायानं किंचित लंगडत, पाण्याच्या कडेकडेनं चालत राहिले.